१२ नॉटिकलच्या बाहेरचं जाऊदे, जेटीवर तरी पकडा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

एलईडी बोटींचा, म्हणजे रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावून मासळी गोळा करून मारणाऱ्या बोटींचा विषय निघाला की आमच्याकडचे पुढारी एकच टेप लावतात, किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांच्या बाहेरचं आपल्या हातात नाही, ते दिल्लीचं. कागदावर बरोबरही आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी राज्य सूचीत २१ नंबरला आणि सागरी हद्दीपलीकडची मासेमारी संघ सूचीत ५७ नंबरला, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत महाराष्ट्र सरकार आणि तिथून २०० नॉटिकलपर्यंत केंद्र. पण एलईडी लावून मासेमारी केंद्राने पण नोव्हेंबर २०१७ पासून बंद केलीय आणि राज्यातही बंदच आहे, मग आतली बाहेरची भाषा कशाला?

प्रश्न फक्त पकडायचं कोणी हा आहे. बाहेर दिवे दिसले म्हणून कळवलं तर इकडचे म्हणणार कोस्ट गार्डचं काम, आणि कोस्ट गार्डला अख्खा किनारा सांभाळायचाय, ते बांगड्यामागे किती धावणार.

माझं म्हणणं, समुद्रात पाठलाग करताच कशाला. मासळी बाहेर मारली तरी उतरणार इथल्याच बंदरात ना? लिलाव इथला, मासेमारीचा परवाना राज्य देतं, डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा पण राज्यच देतं. बोटीची नोंदणी तेवढी केंद्राच्या कायद्याखाली, आणि ती करणारे अधिकारी परत राज्याच्या मत्स्य खात्याचेच (!). २०२१ ला राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांत नेला, आधी प्रकरणं तहसीलदारांपुढे चालायची ती पण मत्स्य खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे दिली. मग जेटीला लागलेल्या बोटीवरचा जनरेटर आणि दिवे तपासायला दिल्लीची परवानगी लागते का? परवाना थांबवा, परतावा थांबवा, बघा किती जण दिवे लावतात.

हां, मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर हा वेगळा विषय. ते सिंधुदुर्गच्या पाण्यात येऊन मारतात आणि मासळी उतरवतात कर्नाटकात, तिथल्या जेटीवर आपलं सरकार जाऊ शकत नाही. हे दोन राज्यांमधलं भांडण, इथे मात्र केंद्राने दोघांना समोरासमोर बसवायलाच पाहिजे, २०१९ पासून मासेमारीसाठी वेगळं खातं केलंय ना त्यांनी. आणि दोन्ही सरकारांचं जमत नाही असंही नाही, १ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारी बंदी आत बाहेर एकाच तारखेला लागते आणि तेव्हा गिलनेटवाल्या लहान होडीवर पण नजर असते, तेव्हा हद्द कोणाला आठवत नाही.

तेव्हा ट्रॉलरचं खासदारांनी दिल्लीत विचारावं आणि जेटीवरच्या तपासणीचं आमदारांनी मुंबईत. १ ऑगस्टला बोटी सुटायच्या आधी कुठल्या बंदरात किती बोटी तपासल्या, किती जनरेटर उतरवले ती यादी मत्स्य खात्याने बंदरावरच लावावी, आमचे लोक वाचतील.

- एक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा), मालवण