मदतीचा हिशेब गावापुढे मांडूनच फाईल बंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे आमच्या नदीकाठच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ साली ती ५७ फुटांच्याही वर गेली, २०२१ साली पुन्हा महापूर आला. पण मदतीचे किती पैसे आले, किती वाटले आणि किती परत गेले, हे विचारा; गावात कुणालाच सांगता येणार नाही.

पंचनाम्याला सगळे हजर असतात. तलाठी, कृषी सहायक बांधावर येतात. बुडून वर आलेला ऊस लांबून हिरवा दिसतो, पण पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसून आतला शेंडा कुजलेला असतो. नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली दाखवले गेले की मदत नाहीच. म्हणून पोंगा उपटून दाखवावा, फोटो काढून घ्यावा आणि तोवर रान साफ करू नये. २०२२ साली ठरलेल्या केंद्राच्या निकषांत बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये आहेत, तेही दोन हेक्टरांपर्यंत. उसाच्या खर्चापुढे हे काहीच नाही. निदान तेवढे तरी हातात पडावेत.

यादीत नाव आले, ओळख पडताळणीसाठीचा विशिष्ट क्रमांक मिळाला, तरी गाडे अडतेच. आमच्या शेजाऱ्यांचा सातबारा सामाईक आहे. थोरले भाऊ पुण्याला, बहीण मिरजेला, वारसनोंद झालेली नाही. सगळ्यांचे संमतीपत्र जुळेना, म्हणून रक्कम अडकली ती अडकलीच. म्हाताऱ्या माणसांचे ठसे ई-केवायसीच्या यंत्रावर उमटत नाहीत. दुसऱ्याची जमीन खंडाने करणाऱ्याची तर तऱ्हाच वेगळी: खत त्याचे, घाम त्याचा आणि मदत सातबारावरच्या मालकाला.

हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला, ७५ टक्के केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. त्याचा हिशेब ठेवला जात नाही असे नाही. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र वर जाते, न वाटलेली रक्कम शासनाकडे भरली जाते, महालेखापालांची तपासणीही असते. पण हे सगळे कागद वरच जातात. माझ्या शेजाऱ्यांचे पैसे त्यात ‘अखर्चित’ या आकड्यात मिसळून जातात. ते का मिळाले नाहीत, हे त्या आकड्यावरून कुणाला कळणार?

म्हणून फाईल बंद करण्याआधी चावडीवर दुसरी यादी लावावी: मंजूर नावे, जमा रकमा, अडकलेली नावे आणि प्रत्येकापुढे अडकल्याचे कारण. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि त्रुटी काढायला एक महिना द्यावा. सामाईक खात्यांसाठी तलाठ्यांनी गावातच शिबिर लावून संमतीपत्रे आणि वारसनोंदी उरकाव्यात. जिल्हाधिकाऱ्यांनी तसा लेखी आदेश काढावा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, असा अर्ज मी आमच्या ग्रामपंचायतीला देत आहे. नदीकाठच्या बाकीच्या गावांनीही द्यावा, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. पलूस, जि. सांगली