घंटा वाजवणारा राष्ट्राध्यक्ष

संपादक महोदय,

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड आपल्याकडे आठवलेच तर १८८१ मध्ये त्यांच्यावर झालेल्या गोळीबारामुळे आठवतात. मला मात्र त्यांची विद्यार्थीदशा अधिक वाचनीय वाटते. घरची गरिबी. त्यामुळे ओहायोतल्या हायरम गावच्या शाळेत झाडलोट करायची, घंटा वाजवायची आणि मग वर्गात ग्रीक शिकायचे. १८५० च्या मार्चमध्ये, म्हणजे ऐन गारठ्यात, या मुलाने नदीत बाप्तिस्मा घेतला होता. पुढे तो प्रवचनेही देऊ लागला.

तिथेच ल्युक्रेशिया रुडॉल्फ या जुन्या शाळासोबतिणीशी जवळीक वाढली. पत्रव्यवहार सुरू झाला तो १८५३ मध्ये. १८५४ मध्ये स्वारी मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात गेली आणि सगळी भिस्त टपालावर आली. मुलगी अबोल, समोर आली की अलिप्त वाटायची. हिचे आपल्यावर खरेच प्रेम आहे का, या शंकेने गारफिल्ड हैराण. अखेर १८५५ मध्ये तिने आपली रोजनिशीच त्यांच्या हाती ठेवली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तरी लग्नाला १८५८ उजाडले! मधल्या काळात त्यांचे मन दुसरीकडेही ओढले गेले होते. चरित्रकारांनी ते झाकलेले नाही, हे बरे.

याच विल्यम्स कॉलेजचे पदवीधर, ख्रिस्ती मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. मिशनच्या इतिहासावर आपल्याकडे लिहिले जाते. त्या कॉलेजातल्या पोरांच्या दिनक्रमावरही कुणीतरी मराठीत लिहावे.

– एक वाचक, अहिल्यानगर