वैरणीची तपासणी तालुक्यातच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाच्या, कडेला आमचं घर आहे. गोठ्यात दोन संकरित गाई, एक गावठी गाय आणि एक म्हैस. सकाळी दूध डेअरीवर गेलं की यंत्रात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघतात. गाईचं दूध ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफच्या खाली गेलं की दर कापला जातो. शेतातल्या मातीसाठी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आहे. पण ज्या वैरणीवर हे दूध तयार होतं, ती तपासून घ्यायची सोय मला तालुक्यात कुठेच सापडली नाही. तिच्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. भातकापणी उरकेपर्यंत सड्यावरचं गवत पिकून त्याला कुसळं आली होती. मधे दोन दिवस ऊन पडलं, तेवढ्यात घाईघाईने गवत कापलं, भारे बांधले आणि उडवी, म्हणजे गवताची गंजी, रचून टाकली. आठ-दहा दिवसांनी पेंढी ओढायला गेले तर हाताला ऊब लागली. कोपरापर्यंत हात आत घातला, तर नुकत्याच विझलेल्या चुलीच्या राखेसारखं गरम. आतलं गवत तपकिरी झालेलं आणि वास काकवीत तंबाखू मिसळल्यासारखा. घरातली जुनी माणसं म्हणाली, गुरं आवडीने खातायत ना, मग गवत चांगलंच आहे. गुरं खरोखरच खात होती, गव्हाणीत काडी उरत नव्हती. तरी तीन आठवड्यांत मोठ्या गाईचं दूध सात लिटरवरून पाचावर आलं. आम्ही पेंड वाढवली. खर्च तेवढा वाढला, दूध काही सात लिटरवर आलं नाही.

शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी उडवी बघितली आणि कारण सांगितलं. ओलसर गवत घट्ट रचलं की आत जंतू आणि बुरशी वाढते. त्यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते, फारच तापलं तर उडवी आपोआप पेटतेसुद्धा. या उष्णतेत गवतातली प्रथिनं साखरेशी बांधली जातात आणि गाईच्या पोटात ती सुटत नाहीत. तो गोडसर वास त्याचाच, आणि गुरांना तो आवडतो. आम्ही ज्या खुणेवर विसंबलो होतो तीच फसवी निघाली. साध्या तपासणीतही हे कळत नाही, कारण तिथे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रथिनं म्हणतात. नायट्रोजन गवतात असतोच, तो गाईच्या अंगी लागत नाही एवढंच. म्हणून बांधली गेलेली प्रथिनं वेगळी मोजून मागावी लागतात.

मग गवत आणि भाताचा पेंढा, दोन्हींचे नमुने घाटावरच्या प्रयोगशाळेत पाठवले. नमुना घ्यायची रीतही तेव्हाच शिकले. वरची मूठभर काडी उचलून चालत नाही. उडवीच्या चारी बाजूंनी, आत हात घालून, पंधरा-वीस ठिकाणचं थोडं थोडं काढायचं, बारीक कापून एकत्र करायचं आणि त्यातलं अर्धा किलो पिशवीत हवाबंद करायचं. गवताचा नमुना वेगळा, पेंढ्याचा वेगळा. अहवाल आला: गवतात प्रथिनं साडेपाच टक्के, पण त्यातला तिसरा हिस्सा बांधलेला. पेंढ्यात चार टक्क्यांच्याही आत. गाईच्या पोटातल्या जंतूंना नीट काम करायला साधारण सात टक्के लागतात. आमची गावठी गाय सड्यावर चरून कसंबसं भागवते, पण दुभत्या संकरित गाईला ही वैरण पुरायची कशी?

तो कागद हातात आल्यावर बऱ्याच गोष्टी बदलल्या. यंदा गवताचा एक तुकडा फुलोऱ्यात असतानाच कापला आणि पाऊस असल्यामुळे वाळवायच्या नादी न लागता त्याचा मुरघास केला, म्हणजे ओलंच हवाबंद दाबून आंबवलं. बाकीचं गवत रचण्याआधी घरच्या वजनकाट्यावर १०० ग्रॅम मोजून घेतलं आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत मंद तव्यावर वाळवलं. ८५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त उरलं तरच उडवी रचायची. पहिल्या दिवशी ७८ उरलं, म्हणून भारे आणखी दोन दिवस उन्हात ठेवले. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया केली: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरांवर सारखा शिंपडून, प्लॅस्टिकखाली तीन आठवडे हवाबंद. खायला घालण्याआधी वारं लागू द्यायचं आणि लहान वासरांना अजिबात द्यायचा नाही. हे कुणी अंदाजाने करू नये. डॉक्टरांकडून प्रमाण समजून घ्यावं, युरिया जास्त झाला तर जनावर दगावतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की यासाठी घाटावर नमुने पाठवायची वेळ येऊ नये. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्याकडे आहे आणि गुरांचे दवाखाने तालुक्यात आहेत. नोव्हेंबरात उडव्या रचून झाल्या की दवाखान्यांनी ठरलेल्या दिवशी वैरणीचे नमुने गोळा करावेत, विद्यापीठाने ते तपासावेत आणि ओलावा, प्रथिनं, तंतू आणि उष्णतेने बांधलेली प्रथिनं एवढे चार आकडे मराठीत शेतकऱ्याच्या फोनवर यावेत. वर्षभराची पेंड किती लागणार याचा हिशेब आम्ही तेव्हाच मांडतो. अहवाल फेब्रुवारीत आला तर तोवर पैसे गेलेले असतात आणि गायही आटलेली असते. तपासणीला थोडी फी ठेवली तरी आम्ही ती देऊ, पेंडेच्या एका पोत्यापेक्षा ती खचितच कमी असेल.

असा दिवस ठरला तर आमच्या वाडीतल्या सगळ्या घरांचे नमुने नीट काढून, नावं घालून दवाखान्यात पोचवायचं काम मी करीन.

आपली,
एक गोपालक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी