तक्रार पत्र : पहिल्या एक्स-रेत न दिसलेले हाड आणि सहा आठवड्यांवर बंद केलेला दावा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वैयक्तिक अपघात विमा विभाग

विषय : सायकल अपघाताचा दावा अर्धवट मंजूर करून बंद केल्याबद्दल

महोदय/महोदया,

सायकलवरून कामावर जाताना मोटारीची धडक बसली, त्याबद्दल मी आपल्याकडे दावा केला होता. आपण सहा आठवड्यांची भरपाई देऊन तो बंद केला. कारण असे कळवलेत की कॉलरबोन सहा आठवड्यांत जुळले, आणि उजव्या मनगटाचे फ्रॅक्चर अपघाताच्या दिवशीच्या एक्स-रेत नव्हते. ते तेराव्या दिवशी आढळले, म्हणून ‘मधल्या काळात अन्यत्र पडल्यामुळे ते झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही’.

पैसे कमी मिळाले यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागले आहे. त्या तेरा दिवसांत उजवा हात झोळीत होता, रात्री पाठीला उशा लावून बसल्या बसल्याच झोपावे लागत होते, आणि मोरीपर्यंत जायलाही घरच्यांचा आधार लागत होता. सायकल तर अजून वाकलेल्या चाकासह भिंतीला टेकून उभी आहे. मी कुठे आणि कशी पडणार होते?

अपघात कसा झाला ते दाव्याच्या अर्जात आहे, पण अर्जात एवढीशीच जागा होती, म्हणून पुन्हा लिहिते. मोटार मला ओलांडून पुढे गेली आणि लगेच माझ्या समोरूनच वळली. मी दोन्ही ब्रेक दाबले, तरी तिच्या मागच्या दारावर आदळून उजव्या अंगावर पडले. पडताना हात आपोआप पुढे जातो, तसाच माझाही गेला. सगळा भार तळहाताच्या अंगठ्याकडच्या बुडावर आला आणि हातातून वर खांद्यापर्यंत चढला. मनगट आणि कॉलरबोन दोन्ही त्या एकाच धक्क्यात मोडले आहेत. त्या दिवशीचा हातमोजा मी जपून ठेवला आहे. बाकी सगळा धड आहे, फक्त अंगठ्याच्या बुडाशी चामडे आरपार फाटले आहे आणि शिवणीत अजून बारीक खडी अडकलेली आहे. त्याचा फोटो सोबत जोडला आहे.

आता एक्स-रेविषयी. मोडलेले हाड आहे स्कॅफॉइड. मनगटात आठ लहान हाडे असतात, त्यांतले हे अंगठ्याच्या बाजूचे. याचे फ्रॅक्चर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत न दिसणे ही डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. चीर केसासारखी बारीक असते आणि तुकडे जागचे हललेले नसतात. दहा-पंधरा दिवसांनी चिरेच्या कडेचे हाड झिजू लागते, तेव्हा ती नीट दिसते. म्हणूनच अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जी खळी पडते, तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी हात बांधून ठेवतात आणि पुन्हा बोलावतात. माझ्या बाबतीत नेमके हेच केले गेले. अपघाताच्या दिवशीच्या केसपेपरवर ‘अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर वेदना, स्कॅफॉइडचा संशय, स्प्लिंट, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे’ असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. हा कागद मी आपल्याला तीनदा पाठवला आहे. आपल्या निर्णयपत्रात एक्स-रेचा अहवाल आहे, या कागदाचा उल्लेखही नाही.

हे हाड सावकाश जुळते, यालाही कारण आहे. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत शिरतो आणि मागे कोपराच्या दिशेने जातो. मध्ये चीर पडली की मागच्या तुकड्याला रक्त कमी पोचते. माझे प्लास्टर बारा आठवडे होते. चौदाव्या आठवड्यात सीटी स्कॅन केल्यावर हाड जुळल्याची खात्री पटली. आपल्या प्रतिनिधींनी फोनवर विचारले, ‘प्लास्टर निघाले ना, मग अडचण काय?’ त्यांचा आवाज सौम्य होता, त्यांना खरोखरच माहीत नसावे. पण दावा ठरवणाऱ्यांना तरी माहीत असायला हवे.

मी शिवणकाम करते. कापड बेतून कापणे हा त्यातला मोठा भाग. प्लास्टर काढले तेव्हा मनगट लाकडासारखे ताठ होते आणि अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला होता. घरी गेल्यावर मी आधी मोठी कात्री हातात घेतली. अंगठा कडीत गेला, पण कात्री उघडेना. डाव्या हाताने पाती फाकवून पाहिली, तर ती मिटताना कळ थेट कोपरापर्यंत गेली. त्या दिवशी मी सुती चिंधीसुद्धा कापू शकले नाही. फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी पकड मोजली : डावा हात २६ किलो, उजवा ९. आज एकविसावा आठवडा आहे, उजवा १९ वर आला आहे. पातळ कापड तासभर कापता येते, जाड कापड अजून नाही. भिजवलेला टॉवेल पिळणे, किल्ली फिरवणे, बरणीचे झाकण उघडणे असे व्यायाम रोज तीन वेळा करते, एकही दिवस चुकवलेला नाही.

माझ्या पॉलिसीत ‘अपघातामुळे उपजीविकेचे काम करता न येण्याचा काळ’ असे शब्द आहेत आणि मर्यादा ५२ आठवड्यांची आहे. एक्स-रेत हाड दिसण्याची अट त्यात कुठेही नाही. कॉलरबोन जुळले त्या आठवड्यात माझा उजवा हात अंगठ्यासकट प्लास्टरमध्ये होता. त्या हाताने मी शिलाई कशी करणार होते?

म्हणून माझी मागणी अशी की दावा पुन्हा उघडावा आणि सातव्या आठवड्यापासून डॉक्टर कामाचा दाखला देतील त्या दिवसापर्यंतची साप्ताहिक भरपाई द्यावी. फिजिओथेरपीची बिलेही याच कारणाने नाकारली आहेत, ती मंजूर करावीत. माझी फाइल या वेळी हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांचे मत मला कळवावे. आणि ‘अन्यत्र पडल्यामुळे’ हा शेरा माझ्या नोंदीतून काढून टाकावा. भरपाई मिळाली तरी तो शेरा तसाच राहिलेला मला चालणार नाही, कारण पुढच्या प्रत्येक दाव्याच्या वेळी तो कुणीतरी वाचेल.

पहिल्या दिवसाचा केसपेपर, दोन्ही एक्स-रे, सीटी स्कॅनचा अहवाल, पकडीच्या मोजमापाच्या नोंदी आणि हातमोज्याचा फोटो जोडला आहे. पॉलिसी व दावा क्रमांक प्रत्येक प्रतीवर आहे. उत्तर १५ दिवसांत आणि लेखी द्यावे. याआधी फोनवर तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी तीन वेगवेगळी कारणे सांगितली आहेत.

आपली,
विमाधारक

(हे पत्र डाव्या हाताने टाइप केले आहे. सही उजव्या हाताची आहे, पॉलिसीवरच्या सहीशी पूर्ण जुळत नसेल तर कृपया त्यावरून अर्ज परत पाठवू नये.)