सहा दिवस, एक डोंगर आणि समुद्र : क्रीटच्या सहलीबद्दल घरी पत्र

हान्या, क्रीट
12 फेब्रुवारी

ती. दादा आणि वहिनी यांस सा. न. वि. वि.
ती. आईस साष्टांग नमस्कार.

दादा, तुझी यादी मिळाली. सहा दिवसांत सँटोरिनी, मिकोनोस आणि क्रीट, ग्रीसची तीन बेटं. पहिली दोन नावं आधी खोड. सहातले दोन दिवस बोटींच्या धक्क्यांवर जातील आणि आई कंटाळून जाईल. एकट्या क्रीटचीही पूर्ण प्रदक्षिणा नको, पश्चिमेकडचा भाग पुरे आहे.

कारण सांगते. नकाशात बेट छोटं दिसतं, लांबी 260 किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त 60. पण मधून डोंगरांची रांग उभी आहे. पश्चिमेला लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, मध्ये प्सिलोरितीस आणि पूर्वेला दिक्ती. प्सिलोरितीसचं शिखर 2456 मीटर, आपलं कळसूबाई 1646. आज इथल्या धक्क्यावरून मागे पाहिलं तर लेफ्का ओरीवर बर्फ आहे आणि पुढे समुद्र. उत्तर किनाऱ्यावरचा हमरस्ता सोडला की बाकी सगळा घाट. हान्याहून दक्षिणेच्या होरा स्फाकिओनला 70-75 किलोमीटर आहे, पण दीड-पावणेदोन तास धरायचे. इथे अंतर विचारू नका, वेळ विचारा. एका दिवशी एकच घाट, आणि मुक्काम शक्यतो एकाच ठिकाणी.

कधी यायचं? गणपती झाले की. पितृपंधरवडा म्हणून आई कुरकुर करेल, पण सप्टेंबरअखेर समुद्र उन्हाळाभर तापून कोमट झालेला असतो आणि डोंगरात चालण्याइतका गारवा आलेला असतो. मे महिना डोंगराला उत्तम, पण तेव्हा पाणी थंडगार. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि उत्तरेचा मेल्तेमी वारा. नोव्हेंबर ते एप्रिल सामारिया घळ, जी तुला पायी उतरायची आहे, बंदच असते.

व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. तुम्ही जूनमध्येच करा, उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळत नाहीत. फी माणशी 90 युरो, वर व्हिसाकेंद्राचा सेवाखर्च. प्रवासविमा कमीत कमी 30,000 युरोचा आणि सगळ्या दिवसांचा हवा. विमान उशिरा सुटलं तर म्हणून पुढचा एक दिवसही त्यात घ्या. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा असावा. आईचा पासपोर्ट आजच कपाटातून काढून तारीख बघ. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा साध्या विसंगतीवर : विम्यावर एक तारीख, हॉटेलच्या आरक्षणावर दुसरी, किंवा बँकेच्या कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं. सगळे कागद एका टेबलावर मांडून नाव आणि तारखा एकदा वहिनींकडून तपासून घे. तुझ्यापेक्षा त्यांची नजर बारीक आहे.

विमान अथेन्सपर्यंत आणि पुढे हान्यापर्यंत एकाच तिकिटावर घ्या. अथेन्स ते हान्या पन्नास मिनिटांचं उड्डाण आहे. वेगळं तिकीट स्वस्त दिसतं, पण पासपोर्टची रांग लांबली आणि पुढचं विमान चुकलं तर ते पैसे गेले. परतीचं विमान मात्र क्रीटमधल्याच इराक्लिओ शहरातून घ्या, म्हणजे आलेला रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. तिकिटावर आणि पाट्यांवर गावांची नावं 'चानिया' आणि 'हेराक्लिऑन' अशी वाचली जातील. बसच्या खिडकीवर विचारताना हान्या आणि इराक्लिओ म्हणा.

गाडी. दादा, साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढ. फी हजार रुपये आणि मुदत एक वर्ष, म्हणून ऑगस्टमध्ये काढलेला बरा. मूळ परवानाही सोबत हवा. अनामत रकमेसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं; डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत आणि वहिनींचं कार्ड तर चालणारच नाही. ऑटोमॅटिक गाड्या थोड्या आणि महाग, पण तीच घे. इथे उजवीकडून चालवायचं, त्यात डाव्या खिडकीशी बसून उजव्या हाताने गिअर. घाटात पहिल्याच दिवशी हे सगळं एकदम नको. विम्यात टायर, गाडीचं पोट आणि कच्चा रस्ता धरतात का, ते सही करण्याआधी विचार. बालोसच्या किनाऱ्याकडे जाणारा कच्चा रस्ता याच कारणाने टाळायचा. तिथे कीसामोसहून बोटीने जाता येतं.

हमरस्त्यावर एक गोष्ट तुला खटकेल. मागची गाडी अंगावर आल्यासारखी चिकटते. तिला वाट हवी असते. उजवीकडच्या पट्टीवर थोडं सरकून तिला जाऊ द्यायचं, ही इथली रीत आहे. पण आधी पुढे बघ, त्याच पट्टीवर कोणी गाडी लावून उभा असतो. घाटात वळणावळणाला शेळ्या. आणि रस्त्याकडेला खांबावर पत्र्याची छोटी देवळं दिसतील : हातभर पेटी, काचेचं दार, आत संताची तसबीर, तेलाचा दिवा, कधी काडेपेटी आणि तेलाची बाटली. पुष्कळदा तिथे अपघात झालेला असतो. कोणी गेलेलं असतं किंवा थोडक्यात वाचलेलं. पेटी दिसली की वळण वाईट आहे असं समजून वेग कमी कर. पेट्रोल शहरातच भरून घे, डोंगरातले पंप रविवारी बंद सापडतात.

आता सामारिया घळ, ज्यासाठी तू मुळात येतो आहेस. क्सिलोस्कालो नावाच्या जागी, सुमारे 1230 मीटरवर, उतरायला सुरुवात होते आणि आगिया रूमेली गावात समुद्रावर संपते. एकूण 16 किलोमीटर : 13 राष्ट्रीय उद्यानात आणि दाराबाहेर तीन. महाबळेश्वरापेक्षा थोड्या कमी उंचीवरून एका दिवसात पायी समुद्रावर यायचं, असं समज. पाच ते सात तास लागतात.

सगळ्यात मोठा उतार पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच आहे, आणि लोक तिथेच चुकतात. सकाळी गार असतं, पाय ताजे असतात, म्हणून धावत सुटतात. त्याचा हिशेब गुडघे दुपारी मागतात. शिवाय उतारावर पायाची बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहून नखं काळी पडतात. आदल्या दिवशी नखं काप, बूट अर्धा नंबर मोठा आणि आधी वापरून रुळलेला असू दे, आणि नाडी घोट्याशी घट्ट बांध म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. चालायच्या दोन काठ्या आण. खालच्या भागात वाट नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून जाते, तिथे त्या घोटा वाचवतात.

पाण्याचं ओझं फार नको. एक लिटरची बाटली पुरे, वाटेत झऱ्याचे नळ आहेत. शेवटचा नळ मात्र सोडू नकोस, कारण त्यानंतर ऊन आणि दगड तापतात. खायला आत काही मिळत नाही, दशम्या बांधून घे. निम्म्या वाटेवर सामारिया हे ओस पडलेलं गाव लागतं. 1962 मध्ये उद्यान झालं तेव्हा तिथल्या लोकांना उठवलं. तिथे विश्रांती घे, नशीब असेल तर क्री-क्री ही रानबकरी दिसेल. पुढे अकराव्या किलोमीटरच्या सुमारास भिंती जवळ येत येत मध्ये जेमतेम चार मीटर उरतात आणि दोन्हीकडे तीनेकशे मीटर उंच कातळ. तिथे दगड पडतात, म्हणून थांबून फोटो काढत बसायचं नाही. तिकीट फेकू नकोस, खालच्या दारावर बघतात; आत कोणी राहिलं नाही ना, हे त्यावरून कळतं.

आगिया रूमेलीला मोटारीचा रस्ता नाही. परतायचं ते बोटीनेच, आणि संध्याकाळची बोट चुकली तर रात्र तिथेच. म्हणून पोचल्यावर आधी बोटीचं तिकीट, मग समुद्रात डुंबणं आणि जेवण. बोट पूर्वेला होरा स्फाकिओनला आणि पश्चिमेला सूयाला जाते. दोन्हीकडून हान्याची बस बोटीची वाट पाहत असते. त्या दिवशी गाडी नेऊच नकोस. वर लावली तर ती आणायला पुन्हा डोंगर चढावा लागतो. हान्याहून पहाटेची बस धर. पाऊस, वारा किंवा फार ऊन असलं तर घळ बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर विचारून घे आणि एक दिवस राखीव ठेव. सकाळी वर थंडी असते, जॅकेट लागतंच.

आई आणि वहिनी त्या दिवशी हान्यात माझ्याकडे. जुनं बंदर, दीपगृह, संध्याकाळी धक्क्यावरची हवा. आईला तेवढं पुरेल.

बाकी दिवस असे. पहिला दिवस झोपेचा. दुसऱ्या दिवशी गाव आणि जवळचा किनारा. तिसऱ्या दिवशी घळ. चौथा मोकळा ठेव, आणि याबाबतीत वाद नको : घळ उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरतात की जिना उतरताना कठडा लागतो. त्या पायांनी घाटात ब्रेक दाबत बसायचं नाही. घळ एक दिवस पुढे गेली तर हाच राखीव, मग पाचव्या दिवशी विश्रांती. नाहीतर पाचव्या दिवशी एलाफोनिसीचा किनारा, जाताना दीड तासाच्या वर. वाटेत तोपोलियाच्या घळीत एकेरी बोगदा आहे, सिग्नल हिरवा झाल्याशिवाय आत घुसू नकोस. एलाफोनिसीची गुलाबी वाळू आईने डबीत भरायची नाही, बंदी आहे. सहाव्या दिवशी सकाळी लवकर इराक्लिओ, अडीच तास धरा. आधी संग्रहालय, मग क्नोसोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष. क्नोसोसचे लाल खांब पाहून हुरळून जाऊ नकोस. 1900 मध्ये आर्थर इव्हान्सने खोदकाम सुरू केलं आणि पुढे पुष्कळ भाग काँक्रीटने नव्याने उभारला. खरी भित्तिचित्रं संग्रहालयात आहेत. रात्र तिथेच, सकाळी विमान.

वहिनी, शाकाहाराची काळजी नको. 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचं, हा शब्द पाठ करा. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, फक्त कोलंबी-कालवं चालतात, तेवढं विचारून घ्या. दाकोस मागवा : वाळक्या भाकरीसारखा टणक जवाचा पाव जरासा ओलवून, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ऑलिव्हचं तेल. पाच मिनिटं थांबून खा, नाहीतर दात दुखतील. व्लिता म्हणजे आपल्या माठाच्या कुळातली पालेभाजी, उकडून लिंबू पिळलेली. भरलेल्या टोमॅटोत आणि द्राक्षाच्या पानांच्या डोलमांत कधी कधी खिमा असतो, 'होरीस क्रेआस?' म्हणजे मांसाशिवाय ना, असं विचारा. जेवण संपलं की फळांबरोबर राकी, म्हणजे इथली कडक दारू, येते, फुकट. दादा, गाडी चालवायची असेल तर ग्लासला हात लावू नकोस.

येताना शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी आणा. कंदी पेढे मात्र नकोत. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून टाकायला लावतात. तूप आणि ओला कढीपत्ताही नको. हॉटेलात खोलीमागे रोजचा सरकारी कर वेगळा भरावा लागतो, तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा नसतो. आणि संडासात कागद टाकायचा नाही, शेजारी डबा असतो. सांडपाण्याचे नळ अरुंद आहेत, तुंबतात.

आईच्या पासपोर्टची तारीख कळव, म्हणजे इकडून आमंत्रणपत्र पाठवते.

तुमची,
धाकटी