कार्टूनच्या शेवटची नावं तुम्ही तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणं येतात ती मी न चुकता वाचते, आणि एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून आज लिहायला बसले. साधा सिनेमा असला की दिग्दर्शक, कलाकार, संगीत, छायाचित्रण, संकलन, सगळ्यांची नावं व्यवस्थित चौकटीत असतात. अ‍ॅनिमेशनचा असला की दिग्दर्शकाचं नाव (ते पण कधीकधीच), तीन स्टार, आणि शेवटी "मुलांना घेऊन जायला हरकत नाही". झालं. आवाज कुणाचे, चित्रं कुणी काढली, हिंदी नाहीतर मराठी संवाद कुणी लिहिले, काही म्हणजे काही नाही, जसं काय ते सगळं आपोआपच हललं आणि आपोआपच बोललं.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. इथे आमचा एक ग्रुप आहे, सरळ सांगायचं तर कार्टूनवेड्यांचा. जमायचं उपवनला तलावाकाठी, पावसाळ्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये. माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले थोडे, बाकी सगळी कॉलेजची पोरं, ती अ‍ॅनिमेवाली, म्हणजे जपानी कार्टूनची वेडी, अंगात नारुटो नाहीतर वन पीसचे टीशर्ट, आणि एक रिटायर्ड काका आहेत ते फक्त टॉम अँड जेरीवर बोलतात आणि उरलेला वेळ शेंगा खातात. विषय कुठलाही काढा, गाडी येऊन अडते ती जुनं भारी की नवं भारी यावरच. आम्ही म्हणणार तुमच्या वेळेला जंगल बुक होतं का, पोरं म्हणणार तुम्ही डेमन स्लेयरचा इन्फिनिटी कॅसल मोठ्या पडद्यावर बघितला का, आणि मग आवाज चढतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हा वाद निम्मा फुकटचा आहे. जुनं सगळं सोनं नव्हतं. काकांना ऐकायला आवडत नाही पण टॉम अँड जेरीवाले हॅना आणि बार्बेरा, हेच दोघं, १९४० पासून एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीसाठी थिएटरात लावायच्या छोट्या फिल्म करायचे तेव्हा हातात पैसा होता, वेळ होता, त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाली, आणि पुढे तेच दोघं टीव्हीसाठी करायला लागले तर बजेट इतकं आवळलं की फ्लिन्टस्टोन्समध्ये फ्रेड घरातून पळतो तेव्हा मागे तीच खिडकी आणि तेच टेबल परत परत येतं. मला लहानपणी वाटायचं त्यांचं घरच तेवढं लांबलचक आहे. माणसं तीच, हात तेच, वेळ मात्र कापलेला. हे एकदा समजलं की जुनं आणि नवं असे दोन ढीग करताच येत नाहीत, कुणी केलं आणि त्याला किती वेळ दिला हेच विचारावं लागतं. आणि "कुणी केलं" इथेच आपण सगळे अडकतो, कारण कुणाला माहीतच नसतं.

जंगल बुकचंच घ्या. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, शेरखान म्हणजे नाना पाटेकर, इथपर्यंत आमच्या ग्रुपात कुणीही झोपेतसुद्धा सांगेल. पण ती मालिका मुळात जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली, हे सांगितलं तर अजून लोक चकित होतात, आणि मोगलीच्या तोंडून हिंदी कोण बोलत होतं असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणजे ज्याच्या आवाजावर अख्खी मालिका उभी, बावन्न भाग, त्याचं नाव नाही, आणि नानांचं आहे कारण नाना आधीपासून नाना होते.

हेच २०१९ च्या द लायन किंगच्या वेळी झालं. हिंदीत टिमॉनला श्रेयस तळपदे, सगळीकडे छापून आलं, छानच झालं, त्याने धमाल केलीय. पण वर्षानुवर्षं रोज घराघरात जे आवाज ऐकू येतात त्यांचं काय? निंजा हातोडी हिंदीत बोलतो तो आवाज मेघना एरंडेचा, आपली मराठी मुलगी. डोरेमॉनचा आवाज सोनल कौशलचा. अहो, आमच्या बिल्डिंगमधली पोरं शाळेतून आली की आईच्या आधी डोरेमॉनचा आवाज ऐकतात, आणि त्या बाईचं नाव त्यांच्या आयांना ठाऊक नाही.

रामायणावरून तर आमच्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. युगो साको आणि आपले राम मोहन यांचा तो १९९२ चा सिनेमा, द लेजंड ऑफ प्रिन्स रामा, सुमारे साडेचारशे कलाकारांनी हाताने काढलेला, लाखभर सेल, म्हणजे चित्र काढलेल्या पारदर्शक शीट. आम्ही तो टीव्हीवर बघत मोठे झालो. २४ जानेवारी २०२५ ला तो फोर-केमध्ये थिएटरला लागला तेव्हा आम्ही दहाएक जण एकत्र गेलो आणि बाहेर आल्या आल्या भडका. कारण जुन्या हिंदीत राम म्हणजे अरुण गोविल आणि रावण अमरीश पुरी, आणि आता सगळं डबिंग नवीन. आमच्यातले जुने खवळले, अमरीश पुरींशिवाय रावण म्हणजे काय. पोरं म्हणाली नवीन आवाज स्वच्छ आहे, कळतोय तरी. मग त्यातल्या एकीने सांगितलं की नव्यातली सीता म्हणजे सोनल कौशल, आणि सगळे गप्प. डोरेमॉन आणि सीता एकाच गळ्यातून! ज्याला याचं आश्चर्य वाटत नाही त्याने एकदा दोन्ही ऐकून बघावं. मला स्वतःला जुना रावण जास्त आवडतो, ते काही लपवत नाही, पण आता निदान कुणाची तुलना कुणाशी करतोय ते तरी कळलं.

डबिंग म्हणजे माइकसमोर उभं राहून वाचायचं असं लोकांना वाटतं. समोर पडद्यावर पात्राचे ओठ हलतायत, कानात मूळ जपानी नाहीतर इंग्रजी, स्टँडवर कागद, ओठ मिटतात तिथे प, ब नाहीतर म आला तर बरं दिसतं, वाक्य लवकर संपलं तर तोंड नुसतंच हलत राहतं आणि लांबलं तर बंद तोंडातून आवाज येतो, आणि हे सगळं सांभाळून पात्र डोंगर चढत असेल तर धाप लागल्यासारखं बोलायचं, पण जागचं हलायचं नाही कारण बांगडी वाजली की माइक पकडतो, कागद उलटला तरी पकडतो. हे ज्याला जमतं त्याला नट नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? आणि तुमच्या चौकटीत कलाकार या शब्दापुढे डॅश असते.

आता चित्रं हलवणाऱ्यांचं. माझा भाचा ऐरोलीला एका स्टुडिओत अ‍ॅनिमेटर आहे, थ्रीडीवाला. बाहेरच्या देशातल्या मालिकेचं काम आलं होतं, एक पोरगा दप्तर पाठीला लावून बसमध्ये चढतो, बस्स एवढंच, पडद्यावर तीनचार सेकंद. तर पोरगा हात वर करून दांडा धरायला गेला की दप्तराचा पट्टा त्याच्या खांद्यात घुसायचा, आरपार. कॉम्प्युटरला कुठे कळतंय खांदा घट्ट असतो ते. भाच्याने फ्रेम बाय फ्रेम पट्टा ओढून बाहेर काढला, मग शर्टाची चुणी खोटी वाटायला लागली, ती केली, मग दप्तर हवेत तरंगल्यासारखं दिसायला लागलं, त्याला वजन दिलं. आम्ही तो भाग घरी लावला तेव्हा माझ्या ताईने विचारलं यात तुझं काय, तो म्हणाला पट्टा. तिला काही दिसलंच नाही, आणि न दिसणं हेच त्याचं काम होतं. शेवटी नावं आली तर त्यात फक्त स्टुडिओचं नाव, एका ओळीत. त्याला फारसं वाईट वाटलं नाही, मला वाटलं.

आणि सिनेमात नाव असलं तरी बघतो कोण. सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात, त्यात एकेक चित्र दोनदोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला बारा चित्रं होतात, ही जुनी पद्धत. २०१८ च्या पहिल्या स्पायडर-व्हर्स सिनेमात त्यांनी गंमत अशी केली की नवशिका स्पायडरमॅन माइल्स बऱ्याच ठिकाणी बारावर हलतो आणि शेजारी मुरलेला पीटर चोवीसवर, म्हणून एकाच झाडीतून दोघं उड्या मारतायत तर माइल्स अडखळतोय असं वाटतं, आणि तो शिकत जातो तसा सफाईने हलायला लागतो. एकही डायलॉग न टाकता सांगितलंय हे. आता असलं ज्यांच्या डोक्यातून आलं त्यांची नावं वाचायला आम्ही बसून राहतो, तर दिवे लागतात आणि झाडूवाले दादा येऊन म्हणतात, मॅडम, पिक्चर संपला. त्यांचा दोष नाही, त्यांना पुढच्या शोच्या आत सगळं पॉपकॉर्न गोळा करायचं असतं. टीव्हीवर तर नावं सुरू झाली की चॅनलवाले ती एका कोपऱ्यात चेपतात, उरलेल्या पडद्यावर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. ओटीटीवर पुढचा भाग आपणहून सुरू होतो. म्हणजे राहता राहिला छापील कागद, आणि म्हणून हे पत्र तुम्हाला.

याच मालिकेतला पुढचा सिनेमा, अक्रॉस द स्पायडर-व्हर्स, जून २०२३ मध्ये आपल्याकडे दहा भाषांत आला होता, त्यात मराठीसुद्धा. त्यातल्या भारतीय स्पायडरमॅनला, पवित्र प्रभाकरला, हिंदी आणि पंजाबीत शुभमन गिलचा आवाज होता, त्याची बातमी फोटोसकट सगळ्यांनी छापली. मराठीत कोण बोललं ते मराठी पेपरात माझ्या तरी वाचण्यात आलं नाही. पंजाबी स्पायडरमॅन कोण हे ठाण्यातल्या माणसाला माहीत आणि मराठी कोण हे नाही, ही काय गंमत आहे? आणि वर आपणच म्हणणार मराठी डबिंगला प्रेक्षक नाही. अहो, माणसं आहेत हेच कळू दिलं नाही तर प्रेक्षक कुणाला बघायला येणार.

बरं हा धंदा आपल्याला नवा आहे का, तर तेही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या हलवून आगकाड्यांची मौज केली. प्रभातने १९३४ मध्ये जंबू काका केला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट १९५६ ला सुरू झालं, तिथे डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्सनी आपल्या पोरांना शिकवलं, राम मोहन त्यातलेच. एक अनेक और एकता तर सगळ्यांनाच पाठ, एक चिडिया अनेक चिडिया, १९७४ चं. ते विजया मुळ्यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आणि गाणारी छोटी मुलगी म्हणजे आपली साधना सरगम. आमच्या ग्रुपात हे सांगितलं तेव्हा काकांनी शेंगा खाली ठेवल्या, ते तीस वर्षं समजत होते की ते रशियन कार्टून आहे. आत्ताचं म्हणाल तर शिल्पा रानडेंचा गोपी गवय्या बाघा बजय्या आहे, गीतांजली राव यांचा बॉम्बे रोझ आहे, हाताने रंगवलेला, आपल्याच मुंबईवरचा, आणि ज्यांना अ‍ॅनिमेशन म्हणजे फक्त छोटा भीम वाटतो त्यांनी तो बघाच. (छोटा भीमबद्दल माझी तक्रार नाही, लाडूंबद्दल आहे, आमच्या घरी एक जण दिवसभर लाडू मागायचा.)

२०२५ च्या जुलैमध्ये महावतार नरसिंह आला, एवढा चालला, पंधरवडाभर कमाईचे आकडे छापून येत होते. मला तो अर्धाच आवडला, माणसांचे चेहरे ताठ आहेत, पण खांब फुटतो तिथून पुढे जे काही आहे त्याला तोड नाही. आता ते पुढचं कुणी केलं? आकडा सगळ्यांना पाठ, हात कुणाचा ते कुणाला नाही.

तुम्ही म्हणाल जागा कुठाय. सगळी शेकडो नावं छापा असं मी म्हणतच नाही. दिग्दर्शकाबरोबर दोनतीन मुख्य आवाज, आपल्याकडे ज्या भाषेत लागलाय त्या भाषेतले, संवाद कुणी लिहिले, अ‍ॅनिमेशन कुणाच्या देखरेखीखाली झालं आणि स्टुडिओ कुठला, एवढं चार ओळींत बसतं. "मुलांना घेऊन जायला हरकत नाही" हे वाक्य काढलं तर तीनच ओळी जास्त लागतील, आणि ते वाक्य तसंही काढायला हवं, कारण गेल्या खेपेला त्याच्या भरवशावर आमच्या शेजारच्या बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेल्या आणि मध्यंतरातच परत आल्या, सगळं रक्तच रक्त.

परीक्षण लिहिणाऱ्यांना नावं शोधत बसायला वेळ नसेल हे समजू शकते. आमच्यातली दोन कॉलेजची पोरं तयार आहेत, ती तशीही शेवटची पाटी जाईपर्यंत बसलेलीच असतात. कुठल्या सिनेमाचं परीक्षण येतंय ते शुक्रवारी कळवलंत तर शनिवारी दुपारपर्यंत यादी तुमच्याकडे येईल, टाईप केलेली, नावांची स्पेलिंगं तपासून. मानधन नको म्हणतायत. मी म्हटलं मागा, पण ऐकत नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे