पुन्हा पुन्हा वाचायची पुस्तके शिवून बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोक कोणती पुस्तके पुन्हा पुन्हा वाचतात यावर भरपूर लिहिले जाते. ती पुस्तके इतकी वाचने सोसतात का, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. पारायणे झालेल्या पुस्तकाचा कागद बहुधा शाबूत असतो. आधी मोडतो तो कणा.

कारण बांधणीत आहे. कागदी मुखपृष्ठाची बहुतेक पुस्तके आता 'परफेक्ट बाइंडिंग'ची असतात. त्यात फर्म्यांच्या, म्हणजे मोठा छापील कागद दुमडून केलेल्या पानांच्या जुडग्यांच्या, घड्या कण्याकडून कापून टाकतात, कडा खरवडतात आणि गरम गोंदाचा थर देऊन वर कव्हर दाबतात. म्हणजे प्रत्येक पान सुटे, केवळ कडेच्या जाडीएवढ्या जागेवर गोंदाला धरून राहिलेले. हा गोंद वयाबरोबर कडक होत जातो आणि आवडत्या प्रसंगाशी पुस्तक सारखे उघडले जाते नेमका तिथेच तडकतो. एकदा फट पडली की पुस्तक आपोआप तिथेच उघडू लागते, फट खोल जाते आणि शेवटी पानांचा गठ्ठाच हातात येतो. शिवलेल्या पुस्तकात घडी शाबूत असते, दोरा तिच्यातून फिरतो. गोंद वाळला तरी पान जागचे हलत नाही.

विकत घेताना हे ओळखता येते. कण्याचे वरचे टोक पाहावे. घड्यांचे छोटे जुडगे दिसले तर एका जुडग्याच्या मध्यावर दोरा शोधावा. 16 पृष्ठांच्या फर्म्यात तो आठव्या आणि नवव्या पृष्ठांच्या मधे असतो. नुसत्या घड्यांवर विसंबू नये, कारण घड्या ठेवून, त्यांना खाचा पाडून गोंद भरण्याचीही पद्धत आहे. जाड पुठ्ठ्यावर तर मुळीच नाही.

आणखी एक दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. आडवी असली की पाने ताठ राहतात, पुस्तक मिटू पाहते, वाचणारा ते दाबून सपाट करतो आणि कणा मोडतो. दोष छपाईत, ठपका वाचकावर! नवे पुस्तक एकदम मधोमध उघडण्याऐवजी पुढून थोडी, मागून थोडी पाने हलकेच दाबत मध्यापर्यंत यावे. उघडे पुस्तक पालथे ठेवू नये.

दुरुस्तीत सर्वांत मोठे नुकसान चिकटपट्टी करते. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पुढे पट्टी गळून पडते, डाग राहतो. फाटलेल्या पानाला पातळ, लांब तंतूंचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ पुरते. एक भाग पीठ, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवावे, गार करून गाळावे. ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते. ती दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

सुटलेल्या एखाद्या पानाच्या आतल्या कडेला जेमतेम 2 मि.मी. पांढरा लवचीक गोंद लावून ते खोलवर बसवावे, दोन्ही बाजूंना मेणकागद घालावा आणि पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवावे. गोंद जास्त झाला की शेजारची पाने चिकटतात आणि ओढताना फाटतात. पुठ्ठ्याचा सांधा, म्हणजे पुठ्ठा कण्याला जोडलेला असतो ती जागा, ढिला झाला असेल तर विणायची सुई गोंदात बुडवून कण्यामागच्या पोकळीतून सांध्यापर्यंत सरकवावी आणि गोल फिरवत बाहेर काढावी. मग मेणकागद, मग वजन. गठ्ठेच्या गठ्ठे सुटले असतील तर घरी काही करू नये, बांधणाऱ्याकडे द्यावे.

प्रकाशकांकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. ज्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात, त्याची निदान एक आवृत्ती शिवलेली काढावी आणि बांधणीचा प्रकार मुद्रणतपशिलात छापावा. शिवणे परवडत नसेल तर आतला समास तरी 20 मि.मी. ठेवावा. सुट्या पानांचे पुस्तक पुन्हा बांधताना टोचा, म्हणजे भोके पाडायचे अणकुचीदार हत्यार, कडेपासून आत घालावा लागतो. समास अरुंद असला तर ओळींची सुरुवात शिवणीत जाते आणि ते पुस्तक कोणालाच नीट दुरुस्त करता येत नाही.

आपला,
एक पुस्तकबांधणीकार